देखणे नाक आणि वेगवान गाडी: मुंबईतल्या एका विद्यार्थी रेसिंग संघाचे प्रकरण

मध्य मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विद्यार्थी संघ दर वर्षी एका चालकाची, उघड्या चाकांची छोटी रेसिंग गाडी स्वतः बांधतो आणि कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारत या स्पर्धेत उतरवतो. ज्या वर्षाचे हे प्रकरण आहे, त्या वर्षी गाडीचे बाह्यांग कसे असावे यावरून संघात सरळ दोन तट पडले, आणि इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक यांचे आराखडे पूर्ण झाले तरी बाह्यांगाचा निर्णय मात्र पावसाळा सुरू होईपर्यंत लांबला. मी याच संघाचा माजी विद्यार्थी असून आता वाहन उद्योगात आराखड्याचे काम करतो आणि संघाला सल्ला देतो. हा वाद मी जवळून पाहिला. रेसिंग गाडीचे दिसणे आणि तिची कामगिरी यांचा संबंध किती आणि कुठे असतो, या प्रश्नाचे उत्तर एरवी आवडीनिवडीवर सोडले जाते. इथे ते पैसा, वेळ आणि गुण पणाला लावून शोधावे लागले, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटते.

दोन प्रस्ताव

पहिला प्रस्ताव चौथ्या वर्षाच्या मुलांचा होता. लांब, निमुळते, टोकाला किंचित खाली झुकलेले नाक, तिथून चालकाच्या खांद्यापर्यंत न तुटता जाणारी एकच रेषा, दोन्ही बाजूंना आत वळलेले अरुंद साइडपॉड, म्हणजे रेडिएटर झाकणारे बाजूचे कप्पे, आणि विंग, म्हणजे हवेच्या जोरावर गाडीला रस्त्याकडे दाबणारे पंख, अजिबात नाहीत. संगणकावर काढलेले त्याचे चित्र खरोखर सुंदर होते. भिवंडीजवळ गोदामे असलेल्या ज्या व्यावसायिकाने त्या वर्षी संघाला पैसे देऊ केले होते, त्यांनाही तेच चित्र आवडले होते आणि गाडी तयार झाल्यावर ती आपल्या कार्यालयासमोर काही दिवस ठेवावी अशी त्यांची इच्छा होती.

दुसरा प्रस्ताव तिसऱ्या वर्षाच्या तीन मुलींनी आणि एका मुलाने मांडला. त्यात नाक आखूड व बोथट होते, पुढे रुंद विंग, मागे चालकाच्या डोक्याहून उंच अशी तीन पात्यांची विंग, आणि रेडिएटरसाठी एकाच बाजूला मोठ्या तोंडाचा साइडपॉड. गाडी डावीउजवीकडे सारखी दिसत नव्हती. बैठकीत कोणीतरी तिला थ्री-व्हीलर टेम्पो म्हटले आणि ते नाव पुढे कित्येक आठवडे चिकटून राहिले.

चौथ्या वर्षाच्या मुलांचा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटत होता. हवेला सहज कापून जाणारी वस्तू वेगात जाते, डोळ्याला गुळगुळीत दिसणारी वस्तू हवेला सहज कापते, म्हणून सुंदर गाडी वेगवान असते. आधाराला ते फॉर्म्युला वनच्या इतिहासातली ठळक उदाहरणे देत. 1978 ची लोटस 79 पाहून आजही माणूस थबकतो, आणि त्याच गाडीने मारिओ अँड्रेटीला विश्वविजेतेपद मिळवून दिले. 1990 ची फेरारी 641 न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जाऊन बसली, आणि तिनेही त्या मोसमात सहा शर्यती जिंकल्या होत्या. उदाहरणे खरी आहेत. अडचण अशी की ती विजयानंतर निवडलेली आहेत. जी सुंदर गाडी मागे राहिली तिचे चित्र कोणी भिंतीवर लावत नाही, आणि जी गाडी वर्षभर जिंकत राहते तिच्या बेढबपणाची डोळ्याला हळूहळू सवय होते. 2018 मध्ये चालकाच्या डोक्याभोवती हेलो नावाची टायटॅनियमची चौकट सक्तीची झाली तेव्हा तिच्या कुरूपतेविरुद्ध केवढा गदारोळ झाला होता. 2020 मध्ये बहारीनला रोमेन ग्रोझाँ जळत्या गाडीतून जिवंत बाहेर आला, त्यात त्या चौकटीचा मोठा वाटा होता, आणि आज त्या चौकटीविना जुनी गाडी पाहिली तर तीच अपुरी वाटते. आवड अशी मागाहून घडत असेल तर ती वेगाचा पुरावा म्हणून आधी वापरता येत नाही.

2012 चा मोसम

या वादात मला सर्वात उपयोगी पडले ते 2012 चे फॉर्म्युला वन. उदाहरणादाखल एखादी गाडी निवडण्यापेक्षा एक अख्खा मोसम घ्यावा, म्हणजे जिंकणारे आणि हरणारे दोघेही नजरेसमोर राहतात. शिवाय त्या मोसमात दिसण्यातला एक ठसठशीत फरक नियमांमुळेच निर्माण झाला होता.

एका गाडीचे नाक दुसऱ्या गाडीच्या बाजूवर आदळले तर ते चालकाच्या डोक्याच्या पातळीला येऊ नये, म्हणून त्या वर्षी नाकाच्या टोकाची उंची कमाल 550 मिमीवर आणली गेली. पण त्यामागच्या चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याच्या, पुढच्या भागाला 625 मिमीपर्यंत उंच राहण्याची मुभा होती. बहुतेक संघांना चॅसी उंच हवीच होती, कारण तिच्याखालून जितकी जास्त हवा मागच्या तळाकडे आणि डिफ्यूझरकडे (तळाच्या मागच्या टोकाला वर फाकत जाणाऱ्या भागाकडे) जाईल तितका तळ गाडीला जमिनीकडे अधिक ओढतो. मग उंच चॅसी आणि खाली उतरवलेले टोक यांच्यामध्ये एक पायरी तयार झाली. रेड बुल, फेरारी, लोटस, सॉबर, कॅटरहॅम, एचआरटी अशा बहुतेकांच्या नाकावर ती ठेच लागल्यासारखी पायरी होती आणि जगभर तिची नालस्ती झाली. मॅक्लॅरेनची चॅसी आधीपासूनच बुटकी असल्याने त्यांच्या एमपी4-27 चे नाक सलग उतरत गेले, आणि सर्वात देखणी गाडी म्हणून तिच्याकडे बोट दाखवले गेले. पायरी नसलेली आणखी एक गाडी होती, ती मारुसिया या छोट्या संघाची.

निकाल असा लागला. रेड बुलने सात शर्यती जिंकून 460 गुणांनी संघविजेतेपद मिळवले. फेरारी 400 गुणांसह दुसरी आणि मॅक्लॅरेन 378 गुणांसह तिसरी आली. रेड बुलच्या सेबॅस्टियन फेटेलने फेरारीच्या फर्नांडो अलोन्सोला 281 विरुद्ध 278 असे तीन गुणांनी मागे टाकले, म्हणजे विश्वविजेता आणि उपविजेता दोघेही पायरीच्या नाकामागे बसले होते. पण मॅक्लॅरेननेही सातच शर्यती जिंकल्या, पहिली ऑस्ट्रेलियाची आणि शेवटची ब्राझीलचीही. सिंगापूरला पुढे असताना त्यांच्या लुईस हॅमिल्टनचा गिअरबॉक्स गेला, अबु धाबीला आघाडीवर असताना इंधनाचा दाब गेला, स्पेनमध्ये पात्रता फेरीत पहिला क्रमांक मिळवूनही टाकीत पुरेसे इंधन उरले नाही म्हणून त्याला शेवटून सुरुवात करावी लागली. गाडी मंद असल्यामुळे ते अजिंक्यपद गेले, असे कोणी म्हणू शकणार नाही.

आता यादीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावे. मॅक्लॅरेनसारखेच सलग नाक असलेल्या मारुसियाला मोसमभरात एकही गुण मिळाला नाही. रेड बुलसारखीच पायरी असलेल्या कॅटरहॅम आणि एचआरटी यांनाही एकही गुण मिळाला नाही. सुंदर नाक आणि सात विजय, सुंदर नाक आणि शून्य, कुरूप नाक आणि विजेतेपद, कुरूप नाक आणि शून्य, हे चारही प्रकार एकाच वर्षी, एकाच नियमावलीखाली, त्याच वीस ट्रॅकवर घडले. त्यातला एक ट्रॅक आपल्या ग्रेटर नोएडाचा होता आणि मुंबईहून तिथे गेलेल्या कित्येकांनी या गाड्या प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्या. तिथे फेटेल पहिला, अलोन्सो दुसरा आणि रेड बुलचाच मार्क वेबर तिसरा आला. मॅक्लॅरेनच्या दोन्ही गाड्या त्यांच्यामागे, चौथ्या आणि पाचव्या. ट्रॅक बदलला की क्रम बदलत होता, नाके मात्र तीच होती.

पुढचे वर्ष तर आणखी बोलके आहे. 2013 मध्ये ती पायरी झाकण्यासाठी पातळ पत्र्यासारखे आवरण लावण्यास परवानगी मिळाली. काही संघांनी ते पूर्ण लावले, काहींनी अर्धवट, लोटसने पायरी उघडीच ठेवली आणि मोसमाची पहिली शर्यत जिंकली. मॅक्लॅरेनने आपली बुटकी चॅसी सोडून उंच चॅसी घेतली, वरून आवरणही चढवले, आणि संपूर्ण वर्षात त्यांचा एकही चालक पहिल्या तिघांत आला नाही. पायरी हवेच्या दृष्टीने जवळपास बिनमहत्त्वाची होती. महत्त्वाची होती ती तिच्याखालून तळाकडे जाणारी हवा. आणि ते ज्या भागात घडते तो भाग प्रेक्षकाला कधी दिसतच नाही. 2009 मध्ये ब्रॉन संघाने दुहेरी डिफ्यूझरच्या जोरावर दोन्ही अजिंक्यपदे जिंकली, तो गाडीच्या पोटाखाली होता. 2014 मध्ये मर्सिडीजने 19 पैकी 16 शर्यती जिंकल्या, त्यामागे इंजिनाच्या एका टोकाला टर्बाइन आणि दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसर ठेवण्याची जी मांडणी होती ती झाकणाखाली होती.

याचा अर्थ दिसण्यातून काहीच कळत नाही, असा काढायला मी तयार नाही. लोटस 79 चे सौंदर्य योगायोगाचे नव्हते. तिच्या साइडपॉडखाली उलट्या विंगसारखे बोगदे होते, त्यांना मोकळी जागा मिळावी म्हणून सस्पेन्शन आत ओढले होते, इंधन चालकाच्या मागे एकाच टाकीत घेतले होते, आणि या सगळ्यातून मधला भाग सडपातळ व बाजू स्वच्छ निघाल्या. तिथे आकाराचे एक कारण होते आणि ते कारण संपूर्ण गाडीभर सलग पाळले होते. उलट दिशेने, 2004 च्या विल्यम्स एफडब्ल्यू26 चे वॉलरसच्या सुळ्यांसारखे दिसणारे आखूड नाकही कारणाशिवाय नव्हते. तळाखाली हवा जावी हाच त्यामागचा विचार होता. तरी ते मोसमाच्या उत्तरार्धात काढून टाकावे लागले, आणि त्या वर्षीचा संघाचा एकमेव विजय साध्या नाकाने, ब्राझीलमध्ये मिळाला. आकारामागे कारण असणे आणि ते कारण सफल होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दुसरीचा निकाल मोजल्याशिवाय लागत नाही.

पन्नास किलोमीटरच्या वेगातले गणित

इतिहासाचा हा भाग ऐकून चौथ्या वर्षाच्या संघप्रमुखाने योग्य तोच आक्षेप घेतला. "सर, ते ताशी तीनशेच्या वेगाने जातात. आपण पन्नासने जाणार आहोत. त्यांची हवा आणि आपली हवा एक कशी?"

हा प्रश्न महत्त्वाचा होता. फॉर्म्युला भारतसारख्या, फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या विद्यार्थी स्पर्धांचे ट्रॅक मुद्दाम अरुंद आणि वळणावळणाचे आखतात. सहनशक्तीच्या सुमारे 22 किमीच्या फेरीत सरासरी वेग ताशी पन्नासच्या आसपास राहतो आणि कमाल वेग शंभराच्या थोडा वर जातो. इतक्या कमी वेगात विंगचा उपयोग होतो का, हे फळ्यावर मांडून पाहायचे ठरले. त्यासाठी लागणारी गुणके आम्ही अशा गाड्यांसाठी वाजवी मानली जातात तशी गृहीत धरली. चालकासह गाडी 300 किलोची, विंगसकट डाउनफोर्सचे, म्हणजे हवेने गाडीला खाली दाबणाऱ्या बलाचे, गुणक गुणिले क्षेत्रफळ 2.5 चौरस मीटर, हवेच्या रोधाचे तेच परिमाण विंगशिवाय 0.6 आणि विंगसकट 1.2, आणि मुंबईच्या उकाड्यातली हवा दर घनमीटरला सुमारे 1.17 किलोची.

ताशी 54 किमी, म्हणजे सेकंदाला 15 मीटर वेगाला डाउनफोर्स जवळपास 330 न्यूटन येतो. गाडीवर तेहतीस किलोचे ओझे ठेवल्यासारखा तो टायरांना रस्त्यावर दाबतो, पण वळणात ते ओझे बाहेर फेकले जात नाही, कारण त्याला वस्तुमान नाही. त्याच वेगाला विंगमुळे वाढलेला रोध सुमारे 80 न्यूटन, आणि त्यावर मात करायला लागणारी जादा शक्ती फक्त 1.2 किलोवॅट. शंभराच्या वेगाला हीच जादा शक्ती साडेसात किलोवॅटवर जाते आणि तेव्हा ती इंजिनाला जाणवते, विशेषतः नियमाप्रमाणे हवा आत घेण्याच्या मार्गात 20 मिमीचा अरुंद गळा (रिस्ट्रिक्टर) बसवलेल्या इंजिनाला. पण त्या वेगाला गाडी क्षणभरच असते.

स्किडपॅड म्हणजे आठच्या आकड्याची चाचणी. तिच्यातल्या आतल्या वर्तुळाचा व्यास 15.25 मीटर आणि मार्गाची रुंदी 3 मीटर असते, म्हणजे गाडी साधारण 9 मीटर त्रिज्येवर फिरते. गुरुत्वाकर्षणाच्या 1.4 पट पार्श्वबल, म्हणजे वळणात गाडीला आत धरून ठेवणारे आडवे बल, टायर देतात असे धरले तर एका वर्तुळाला 5.1 सेकंद लागतात. विंगच्या दाबामुळे, त्यांचे बारा किलो वजन धरूनही, यातले सुमारे 0.15 सेकंद वाचतात. दाब वाढला तरी टायरची पकड त्याच प्रमाणात वाढत नाही, हे लक्षात घेऊन त्यातून थोडे वजा करावे लागते. दुसऱ्या बाजूला, 75 मीटरच्या सरळ धावेत वाढलेले वजन आणि रोध मिळून साधारण दहावा भाग सेकंद गमवावा लागतो. वरवर पाहता हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटतो. पण गुण देण्याची पद्धत पाहिली की चित्र बदलते. स्किडपॅडमध्ये सर्वात वेगवान वेळेच्या 1.25 पटीपलीकडे वेळेचे गुण संपतात, तर सरळ धावेत ही मर्यादा दीडपट असते. म्हणजे वळणातला प्रत्येक शतांश अधिक महाग आहे. शिवाय सर्वाधिक गुण ज्या सहनशक्तीच्या फेरीला असतात, ती जवळजवळ सगळी वळणांचीच असते.

गुळगुळीत वस्तू हवेला कापते, हा मूळ युक्तिवाद चुकीचा नव्हता. तो चुकीच्या ठिकाणी लावला जात होता. उघड्या चाकांची रेसिंग गाडी हवा कापण्यात कधीच हुशार नसते. फॉर्म्युला वनच्या गाडीचे रोधगुणक घरच्या साध्या मोटारीच्या दुप्पट-तिप्पट असते, कारण चाके उघडी फिरतात आणि विंग हवा उचलून वर फेकतात. ती रोधाची किंमत मोजते आणि बदल्यात वळणातला वेग घेते. आमच्या डोळ्यांना वेगाची जी खूण शिकवली गेली आहे, ती बाण, मासा, विमान अशा सरळ जाणाऱ्या वस्तूंवरून आलेली आहे.

फळ्यावरचे हे गणित तपासल्यावर विंगचा निर्णय झाला. नाकाचा मात्र झाला नाही, आणि या प्रकरणातला मला सर्वात शिकवून गेलेला भाग तिथून पुढे आहे.

लालबागची कार्यशाळा

नाकाच्या आत धडक शोषणारा ठोकळा बसतो. 300 किलोची गाडी सेकंदाला 7 मीटर वेगाने आदळली तर तिची 7350 ज्यूल ऊर्जा त्याने झेलायची आणि सरासरी मंदन गुरुत्वाकर्षणाच्या वीस पटींच्या आत ठेवायचे, असा नियम आहे. बाह्यांगाच्या पुढच्या कडा किमान 38 मिमी त्रिज्येच्या गोल हव्यात, असाही नियम आहे. हे दोन्ही नियम पाळून लांब निमुळते आणि आखूड बोथट अशी दोन्ही नाके संगणकीय विश्लेषणात चालवली तेव्हा दोघांच्या रोधातला फरक विश्लेषणाच्या स्वतःच्या चुकीच्या मर्यादेत बुडून गेला. नाकामागे उभी असलेली चाके, सस्पेन्शनच्या दांड्या आणि चालकाचे हेल्मेट यांच्यापुढे नाकाच्या लांबीला काही किंमतच उरत नव्हती. फक्त पुढच्या विंगच्या मधल्या भागाला हवा मिळावी एवढी नाकाची उंची राखायची होती, आणि लांब नाकाचे वजन थोडे जास्त होते.

संघ बाह्यांगाचा साचा बनवण्यासाठी लालबागला फायबरचे काम करणाऱ्या एका कारागिराकडे गेला. मंडळांच्या सजावटीची कामे संपवून त्यांनी वेळ दिला. पावसाळी हवेत रेझिन नीट बसत नाही, म्हणून त्यांनी पोरांना दोन दिवस थांबवले आणि खोलीत मोठे दिवे लावून ठेवले. साचा तयार झाल्यावर त्यांनी दोन्ही चित्रांकडे फारसे लक्ष दिले नाही. दिवे मालवले, एक लांब ट्यूबलाइट हातात घेतली आणि ती पृष्ठभागालगत आडवी धरून हळूहळू पुढून मागे नेली. चकाकीत पडलेली उजेडाची पट्टी जिथे सरळ सरकत होती तिथे ते काही बोलले नाहीत, एका ठिकाणी ती पट्टी किंचित लचकली, तिथे त्यांनी बोट ठेवले आणि म्हणाले, "इथं पोट आलंय. हाताला लागत नाही, उजेडाला लागतं." मुलांनी पुट्टी भरून, पॉलिश पेपरने घासून तो भाग सारखा केला आणि पुन्हा उजेड फिरवला. त्या कारागीर काकांचे समाधान होईपर्यंत हे चालले.

ती पोटाची जागा आमच्या वेगात हवेच्या दृष्टीने फारशी महत्त्वाची नव्हती, हे मला माहीत होते. तरी मी मुलांना थांबवले नाही. ज्या संघाला उजेडात लचकणारी पट्टी खुपते, तो संघ विंगच्या पात्याची मागची कडही तिरकी सोडत नाही, दोन पात्यांमधली फट एका टोकाला आठ आणि दुसऱ्या टोकाला बारा मिमी राहू देत नाही. आणि ती फट मात्र हवेला नक्की कळते. गाडीच्या घाटावरून तिचा वेग सांगता येत नाही, हे मी 2012 वरून मानतो. पण गाडीच्या सफाईवरून ती बांधणाऱ्यांनी किती काळजीने काम केले ते बरेचसे सांगता येते, आणि अनुभवी परीक्षक गाडीभोवती फिरताना हेच पाहत असतात. एकूण 1000 गुणांपैकी अभियांत्रिकी आराखड्याला 150 गुण असतात. त्यांत सौंदर्याला वेगळा रकाना नाही, पण जोडणीची अचूकता, नळ्या-तारा कशा ओढल्या आहेत, प्रत्येक आकारामागचे कारण सांगता येते का, हे सगळे विचारले जाते.

लोकरीचे धागे

चाचणीसाठी मुंबईत ट्रॅक नाही. पैसे देणाऱ्या व्यावसायिकांनीच रविवारी गोदामाचे आवार मोकळे करून दिले आणि मुलांनी शंकू मांडून वळणावळणाची फेरी आखली. एकच चालक, तेच टायर, तीच सकाळ. आधी विंगशिवाय, मग विंगसकट, आणि टायर घासल्याचा परिणाम कळावा म्हणून शेवटी पुन्हा विंगशिवाय. विंग लावलेली गाडी वळणांमध्ये उघडपणे अधिक वेगाने गेली, आणि सरळ भागातला तिचा तोटा चालकाला जाणवलाही नाही. चौथ्या वर्षाच्या संघप्रमुखाने वेळांची वही स्वतः लिहिली होती, त्यामुळे त्यावर पुढे चर्चा झाली नाही.

खरा धक्का साइडपॉडने दिला. विंग दुसऱ्या प्रस्तावातल्या घेतल्या असल्या तरी, समेटाचा भाग म्हणून साइडपॉड पहिल्या प्रस्तावातला, आत वळणारा, अरुंद तोंडाचा ठेवला होता. काही फेऱ्यांनंतर पाण्याचे तापमान चढू लागले. मुलींनी साइडपॉडच्या बाहेर आणि तोंडाच्या आत बोटभर लांबीचे लोकरीचे धागे चिकटपट्टीने चिकटवले आणि गाडी पुन्हा सोडली. शेजारून स्कूटरवर मागे बसून एकीने मोबाइलवर चित्रण केले. बाहेरचे धागे शिस्तीत मागे झुकले होते. तोंडाच्या आतले, जिथे भिंत सुंदर वळण घेऊन रेडिएटरकडे झपाट्याने फाकत होती तिथले धागे मात्र उभे राहून थरथरत होते, काही चक्क उलटे, पुढच्या दिशेला वळले होते. वाट एकदम रुंद झाली की हवा भिंत सोडते आणि तिथल्या तिथे घुटमळते, त्यामुळे रेडिएटरचा जवळपास अर्धा भाग काम न करता नुसता वजन वाहत होता. वर रेडिएटर आणि भिंत यांच्यामध्ये फट राहिली होती, आणि जी हवा आत पोहोचत होती तीही जाळीतून जाण्याऐवजी सोप्या वाटेने बाजूने निसटत होती.

उपाय दोन झाले. फटी फोमच्या पट्ट्यांनी बंद केल्या, आणि आतली भिंत हळूहळू फाकावी म्हणून साइडपॉडचे तोंड पुढे ओढून मोठे केले. त्यासाठी फायबरच्या अखंड रेषेवर अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा ओठ रिव्हेट मारून जोडावा लागला. दिसायला ते वाईट होते, यात वाद नाही. पुढच्या चाचणीत धागे आडवे झाले आणि तापमान चढायचे थांबले.

नाकाचा निर्णय यानंतर झाला. मी संघाला सांगितले की आतापर्यंत मोजलेल्या प्रत्येक ठिकाणी हवेने स्पष्ट कौल दिला आहे. नाकाच्या लांबीबाबत तिने कौल दिलेला नाही, आणि वजनातला फरक एका हातात मावणारा आहे. अशा जागी देखणे निवडणे हा कमकुवतपणा मानायचे कारण नाही. पैसे देणाऱ्याला गाडी आवडावी, महाविद्यालयातल्या लहान वर्गांना तिच्याजवळ यावेसे वाटावे, आणि वर्षभर रात्री जागणाऱ्या मुलांना ती आपली वाटावी, या गोष्टींनाही संघाच्या जगण्यात किंमत आहे, आणि पुढच्या वर्षीचा निधी व पुढच्या वर्षीची मुले त्यातूनच येतात. तिसऱ्या वर्षाच्या मुलींनी वजनाचा मुद्दा एकदा नोंदवला, फायबरचा एक थर कमी करता येतो का ते तपासले, तो करता आला, आणि लांब नाक ठेवायला त्या राजी झाल्या.

गाडी कोइमतूरला गेली ती लांब नाकाची, मोठ्या विंगची आणि डाव्या बाजूला पत्र्याचा ओठ लावलेली अशी. आराखड्याच्या फेरीत परीक्षकांनी सर्वात आधी त्या ओठाकडे बोट दाखवून हे काय आहे असे विचारले. तिसऱ्या वर्षाच्या मुलीने धाग्यांचे चित्रण दाखवले, आधीची आणि नंतरची भिंत किती अंशांनी फाकत होती ते सांगितले, आणि पुढच्या गाडीत हाच आकार साच्यातच कसा घेतला जाईल त्याचे रेखाचित्र त्यांच्यासमोर ठेवले. त्यानंतरचा प्रश्न नाकाबद्दल होता, इतके लांब का. संघप्रमुखाने उत्तर दिले की आखूड नाकाने वेगात मोजण्याजोगा फरक पडत नव्हता आणि आम्हाला हे अधिक आवडले. परीक्षकांनी दोन्ही विश्लेषणांचे आकडे मागितले, तपासले आणि सस्पेन्शनकडे वळले.